क्रांजी वॉर सिमेट्री, सिंगापूर: टूरवाले नेत नाहीत, तुम्ही जा

पाच पैकी पाच स्टार. ही दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी. ज्यांना फक्त जावं की नाही एवढंच बघायचंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो, जा. तिकीट नाही, रांग नाही, अर्धा दिवस पुरतो. बाकीच्यांनी पुढे वाचा, कारण नुसतं जाऊन हिरवळ आणि पांढरे दगड बघून परत येण्यात काही अर्थ नाही, कुठे काय बघायचं ते माहीत असेल तरच ही जागा बोलायला लागते.

आपल्याकडून येणाऱ्या ग्रुपचा प्रोग्राम ठरलेला असतो. मरलायन, सेन्टोसा, युनिव्हर्सल, नाईट सफारी, शेवटच्या दिवशी मुस्तफामध्ये चॉकलेटं आणि परफ्युम. त्यात चूक काहीच नाही, पोरं बरोबर असतात, पैसे मोजलेले असतात. पण ज्या फॅरर पार्क स्टेशनला उतरून आपण मुस्तफाला जातो ना, त्या फॅरर पार्कच्या मैदानावर १७ फेब्रुवारी १९४२ ला हिंदुस्थानी फौजेचे चाळीस हजारांच्या वर जवान गोळा केले होते. दोन दिवस आधी सिंगापूर पडलेलं. इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना जपान्यांच्या ताब्यात दिलं, तिथेच जपानी मेजर फुजिवारा बोलला, हिंदुस्थानी फौजेतले कॅप्टन मोहन सिंग बोलले आणि आझाद हिंद फौजेची पहिली हाक तिथेच दिली गेली. आपण तिथून ट्रॉली ढकलत जातो आणि कुणी आपल्याला हे सांगत नाही. मी इथे राहतो, पाहुणे येत असतात, आता मी कुणालाही क्रांजी दाखवल्याशिवाय एअरपोर्टला सोडत नाही.

थोडं मागचं सांगतो. रॅफल्सने १८१९ मध्ये इथे इंग्रजांचं ठाणं बसवलं आणि त्यानंतर १८६७ पर्यंत या शहराचा कारभार कलकत्त्याहून चालायचा. म्हणजे हिंदुस्थानचाच एक लांबचा तुकडा म्हणा. हिंदुस्थानातून काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी इथे आणले जायचे, सिटी हॉलजवळचं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल त्या कैद्यांच्या हातचं आहे. त्यामुळे या शहराच्या लढाईत हिंदुस्थानी फौज एवढ्या संख्येने असणं हा काही योगायोग नव्हता, इंग्रजांच्या लेखी ती नेहमीचीच व्यवस्था होती.

लढाई सुरू झाली ती सिंगापुरात नाही, वर मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात. ८ डिसेंबर १९४१, मध्यरात्र उलटून गेल्यावर जपानी कोटा भारूच्या किनाऱ्यावर उतरले, पर्ल हार्बरवर हल्ला व्हायच्याही तासभर आधी. आणि त्या किनाऱ्यावर त्यांच्या समोर कोण होतं, तर डोग्रा रेजिमेंट. म्हणजे पॅसिफिकमधल्या त्या युद्धाच्या अगदी पहिल्या गोळ्या झेलणाऱ्यांमध्ये आपली माणसं होती. मग पन्नासहून जास्त दिवस मागे मागे हटत सगळं सैन्य सिंगापूर बेटावर आलं, मलायाला जोडणारा कॉजवे उडवून दिला, आणि १५ फेब्रुवारी १९४२ ला, ऐन चिनी नववर्षाच्या दिवशी, ब्रिटिश जनरल पर्सिव्हलने बुकित तिमाच्या फोर्ड फॅक्टरीत जपानी जनरल यामाशिताच्या समोर बसून शरणागतीवर सही केली.

आता महाराष्ट्रातल्या लोकांनी नीट वाचा. १९४१ मध्ये आपल्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, १७ वी इंडियन डिव्हिजन उभी केली होती. त्यात तीन ब्रिगेड, ४४, ४५ आणि ४६. यांना इराककडे पाठवायचं ठरलेलं, म्हणजे सगळी तयारी वाळवंटाच्या हिशोबाने. जपान युद्धात उतरला आणि ऐनवेळी ४४ आणि ४५ ब्रिगेडची दिशाच बदलली, त्यांना मलाया आणि सिंगापूरला धाडलं. रबराच्या मळ्यात, जंगलात, पावसात, ज्यांनी असला मुलूख आयुष्यात पाहिला नव्हता अशी कोवळी, नुकती भरती झालेली पोरं. ४५ ब्रिगेड जानेवारी १९४२ मध्ये मुआर नदीवर गेली, त्यात राजपुताना रायफल्स, जाट आणि रॉयल गढवाल रायफल्सची एकेक बटालियन होती, आणि काही दिवसांत ती ब्रिगेड ब्रिगेड म्हणून शिल्लकच राहिली नाही, ब्रिगेडियर डंकनसुद्धा तिथेच पडले. मागे राहिलेल्या जखमींना जपान्यांनी पारित सुलाँगच्या पुलाजवळ पकडून मारून टाकलं, ऑस्ट्रेलियन होते आणि त्यांच्याबरोबर हिंदुस्थानीही होते. ४४ ब्रिगेड सिंगापुरात उतरली जानेवारीच्या शेवटी आणि तीन आठवड्यांत कैदेत गेली. नगरच्या कॅम्पात कवायत केलेली ही मुलं, वर्षभराच्या आत संपली किंवा कैदी झाली. मला वाटतं नगरच्या शाळांमध्ये हे शिकवायला हवं, निदान तिथल्या मुलांना माहीत असायला हवं.

माझे मामा आर्मीतून रिटायर झालेले, नोकरीतली शेवटची काही वर्षं नगरलाच होते. त्यांना क्रांजीला घेऊन गेलो तेव्हा हे मी त्यांना भिंतीसमोर उभं राहून सांगितलं. ते म्हणाले, "अरे, मी इतकी वर्षं त्या कॅम्पात काढली, कुणी कधी बोललं नाही." मग त्यांनी चष्मा पुसला आणि जाट रेजिमेंटचं पॅनेल शोधून वरपासून खालपर्यंत एकेक नाव वाचायला घेतलं, मोठ्याने, हजेरी घ्यावी तसं. मला पाणी आणायला पाठवलं, परत आलो तरी वाचणं चालूच होतं.

आता ती भिंत काय आहे ते.

क्रांजीची टेकडी बेटाच्या उत्तर टोकाला, जोहोरच्या खाडीकडे तोंड करून आहे. युद्धाआधी इथे लष्करी कॅम्प होता, मोठं दारूगोळ्याचं कोठार होतं. ९ फेब्रुवारीच्या रात्री जपानी इथल्याच क्रांजी नदीच्या मुखाशी उतरले, ऑस्ट्रेलियनांनी पाण्यात पेट्रोल सोडून पेटवून दिलं होतं आणि जपान्यांच्या इम्पीरियल गार्ड्सना तिथे चांगलाच मार बसला, पण माघारीचा हुकूम आला आणि ती जागा गेली. सिंगापूर पडल्यावर इथे युद्धकैद्यांचा कॅम्प झाला, जवळच वुडलँड्सला कैद्यांचं हॉस्पिटल. त्या हॉस्पिटलात जे वारले त्यांना सोबतच्या कैद्यांनीच या टेकडीवर पुरलं. तर सिमेट्रीची सुरुवात ही अशी आहे, कुठल्याही सरकारने आखलेली नाही, उपाशी कैद्यांनी आपल्या मित्रांसाठी खणलेल्या खड्ड्यांपासूनची.

मोठी दफनभूमी खरं तर चांगीला होती, जिथे आता एअरपोर्ट आहे त्या बाजूला. १९४६ मध्ये तिथल्या कबरी तिथे कायम राहणार नाहीत हे दिसल्यावर त्या उकलून क्रांजीला आणल्या, बुओना व्हिस्टाच्या आणल्या, बेटभर जिथे जिथे घाईघाईत पुरलेलं होतं तिथून आणल्या. पुढे सायगॉनहून आणल्या. पहिल्या महायुद्धातल्याही ६४ जणांची नोंद इथे आहे. आज दुसऱ्या महायुद्धातल्या साडेचार हजारांच्या जवळपास कबरी आहेत, त्यातल्या साडेआठशेच्या वर कबरींना नाव नाही. त्या दगडावर रेजिमेंट कळली असेल तर रेजिमेंट, देश कळला असेल तर देश, नाहीतर फक्त एवढंच की हा १९३९ ते १९४५ च्या युद्धातला एक सैनिक, देवाला ठाऊक असलेला. हे शब्द इंग्रज लेखक किपलिंगने पहिल्या महायुद्धानंतर अशा दफनभूम्या सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्ह्ज कमिशनला सुचवले होते, त्याचा स्वतःचा अठरा वर्षांचा मुलगा १९१५ मध्ये फ्रान्समध्ये लढाईत मारला गेला आणि बापाच्या हयातीत त्याची कबर सापडली नाही. किपलिंग जन्माने मुंबईचा, जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. त्याची मतं मला अजिबात पटत नाहीत पण ही ओळ लिहिणारा बाप होता हे त्या दगडासमोर जाणवतं.

गेटमधून आत गेलं की समोर उतार आणि उतारावर रांगा. सगळे दगड एकाच मापाचे, जनरल असो की शिपाई, कमिशनचा हा नियम सुरुवातीपासूनचा. वर रेजिमेंटचा बिल्ला कोरलेला, मग नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय, मध्ये धर्माचं चिन्ह आणि अगदी खाली घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. ती खालची ओळ वाचत चला. वाकून वाचावी लागते, दगडाच्या बुंध्याशी फुलझाडं लावलेली असतात त्यांच्या मागे ती लपते. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या आयांनी लिहिलेल्या ओळी आहेत. वयं बघा, एकोणीस, बावीस, वीस, मध्येच एखादा चाळिशीचा. हिंदुस्थानी सैनिकांच्या दगडांवर अशी घरची ओळ फारशी दिसत नाही. ज्या गावात पत्र वाचून दाखवायलाही मास्तरला बोलवावं लागायचं तिथल्या आईपर्यंत हा प्रश्न पोचणार कसा होता.

वर चढून गेलं की सिंगापूर मेमोरियल. कॉलिन सेंट क्लेअर ओक्स नावाच्या आर्किटेक्टचं काम, थायलंडमधली कांचनाबुरीची सिमेट्री पण त्याचीच. २ मार्च १९५७ ला तेव्हाचे गव्हर्नर रॉबर्ट ब्लॅक यांच्या हस्ते उद्घाटन झालं. लांबून बघितलं तर विमानाच्या पंखासारखं पसरलेलं सपाट छत, त्याच्या खाली रांगेत उभ्या भिंती आणि मधोमध वर गेलेला उंच सुळका. भिंती म्हणजे मार्च करणारं पायदळ, छत म्हणजे हवाईदल आणि सुळका म्हणजे पाणबुडीचा वरचा भाग, असं सांगतात. मला स्वतःला तो सुळका फार आवडलेला नाही पण खालच्या भिंतींची रचना अप्रतिम आहे, कारण एका भिंतीपाशी उभे असलात की पुढच्या भिंतीवरची नावं दिसत नाहीत, एकेक ओलांडत जावं लागतं आणि नावं संपतच नाहीत. चोवीस हजारांच्या वर नावं. ज्यांची कबरच नाही त्यांची. मलायात, इंडोनेशियात बेपत्ता झालेले, कैदेत असताना बोटीतून नेताना बुडालेले, जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेल्या सयाम-बर्मा रेल्वेवर मेलेले, समुद्रावर विमानासकट पडलेले.

आणि या चोवीस हजारांत हिंदुस्थानी फौजेची नावं हजारोंनी आहेत. पंजाब रेजिमेंट, बलुच, फ्रंटियर फोर्स, शीख, डोग्रा, जाट, गढवाल, हैदराबाद, गुरखा, सप्लाय कोअर, मेडिकलवाले, सॅपर. फाळणीच्या आधीची फौज, म्हणून एकाच पॅनेलवर खान आणि सिंग आणि राम आणि थापा. आजचे भारत, पाकिस्तान, नेपाळ सगळे त्या एका दगडावर आहेत. कुकची, पाणक्याची, धोब्याची नावंही हुद्द्यासकट आहेत. कित्येकांचं फक्त एकच नाव, आडनाव नाही. तीच तीच नावं परत परत येतात, मग कंसात नंबर दिलेला असतो कारण त्याशिवाय हा राम कुठला आणि तो राम कुठला हे कळायला मार्गच नाही.

भिंतींच्या पाठीमागे जायला विसरू नका, बहुतेक लोक पुढूनच फोटो काढून उतरतात. मागे सिंगापूर क्रीमेशन मेमोरियल आहे. जवळजवळ आठशे जण, बहुतेक सगळे हिंदुस्थानी, ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला, त्यांची नावं तिथे. म्हणजे यांना कुणीतरी लाकडं गोळा करून रीतसर निरोप दिला होता. ती नावं वाचताना मला नेहमी बरं वाटतं, का ते नीट सांगता येणार नाही.

मेमोरियलच्या पूर्वेच्या टोकाला अजून एक छोटं स्मारक आहे, सिव्हिल हॉस्पिटलचं, ते चुकवू नका. लढाईच्या शेवटच्या दिवसांत सिंगापूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात इतकी माणसं मरत होती की एकेकाला पुरणं शक्यच नव्हतं. युद्धाआधी आवारात पाण्याच्या टाकीसाठी एक मोठा खड्डा खणून ठेवलेला, त्यात चारशेच्या वर लोकांना ठेवलं, सैनिक आणि साधी माणसं एकत्र. युद्धानंतर ओळख पटवणं अशक्य म्हणून ती कबर तशीच राहू दिली, आणि त्यातल्या १०७ सैनिकांची नावं इथे क्रांजीला कोरली. बाकीचे जे साधे नागरिक होते, चिनी, मलय, तमिळ, त्यांची नावं या दगडावर नाहीत. तसंच ६९ चिनी सैनिकांची एक सामाईक कबर आहे, कॉमनवेल्थच्या फौजेत असलेले, फेब्रुवारी १९४२ मध्ये जपान्यांनी मारलेले. त्याच दिवसांत शहरातल्या चिनी पुरुषांना रांगेत उभं करून ट्रकमधून नेऊन समुद्रकाठी मारत होते, त्या साध्या माणसांचं स्मारक वेगळं आहे, खाली शहरात बीच रोडवर.

एक दगड खास शोधण्यासारखा, लेफ्टनंट कर्नल आयव्हन लायन यांचा. सप्टेंबर १९४३ मध्ये हा माणूस क्रेट नावाच्या एका जुन्या मासेमारी बोटीतून, बोटीला आपल्याकडच्या मण्यार सापाचं नाव दिलेलं, ऑस्ट्रेलियाहून थेट सिंगापूर बंदराजवळ आला, होडक्यांतून माणसं आत सोडली आणि जपानी जहाजांना सुरुंग लावून परत पण गेला. पुढच्या वर्षी दुसऱ्या मोहिमेत मात्र मारला गेला. त्या मोहिमेतल्या पकडलेल्या दहा जणांची मुंडकी जपान्यांनी ७ जुलै १९४५ ला उडवली, युद्ध संपायला सहा आठवडेही नव्हते.

आता जे इथे नाहीये त्याबद्दल, कारण रिव्ह्यू लिहायचा तर हेही लिहायलाच हवं.

सयाम-बर्मा रेल्वेवर तेरा हजारांच्या आसपास युद्धकैदी मेले, त्यांच्या नावांचा पैन् पै हिशोब आहे, क्रांजीला आहे, कांचनाबुरीला आहे. त्याच रेल्वेवर ऐंशी हजार ते एक लाख आशियाई मजूर मेले असा अंदाज आहे, त्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ मजूर कितीतरी. त्यांच्या नावांची अशी एकही भिंत नाही. ते गणवेशात नव्हते म्हणून ते कुणाच्याच यादीत बसले नाहीत.

आणि आझाद हिंद फौज. फॅरर पार्कवरून जे तिकडे गेले, लढले आणि मेले त्यांचं नाव ब्रिटिश राजमुकुटाच्या स्मारकावर कसं असणार. २१ ऑक्टोबर १९४३ ला नेताजींनी आझाद हिंद सरकार जाहीर केलं ते याच शहरात, कॅथे बिल्डिंगमध्ये, आणि दुसऱ्याच दिवशी झाशीच्या राणीच्या नावाने उभ्या केलेल्या बायकांच्या रेजिमेंटचा कॅम्प सुरू झाला. आपल्या तांब्यांच्या घरच्या मनूचं नाव घेऊन मलायाच्या मळ्यातल्या तमिळ मुली बंदूक शिकत होत्या, ही गोष्ट मला दरवेळी सांगाविशी वाटते. जुलै १९४५ मध्ये नेताजींनी एस्प्लनेडला समुद्रासमोर आझाद हिंदच्या सैनिकांसाठी स्मारकाची पायाभरणी केली, आणि सप्टेंबरमध्ये इंग्रज परत आले तसं त्यांनी ते उडवून टाकलं. आता तिथे १९९५ पासून एक खुणेची पाटी आहे. तर क्रांजी आणि एस्प्लनेड दोन्ही एकाच दिवशी बघा, एकेकट्याने गोष्ट अर्धीच कळते. दोन भाऊ एकाच गावचे, एकाच रेजिमेंटचे, एक युनियन जॅकखाली मेला आणि एक चरख्याच्या नाहीतर वाघाच्या झेंड्याखाली, असं झालेलं असणारच, आणि मला दोघांमध्ये निवड करायची नाहीये, दोघंही आपलेच.

कमिशनचंही सांगतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन १९१७ पासून हे काम करतंय, सगळ्यांना सारखी वागणूक हे त्यांचं ब्रीद. पण २०२१ मध्ये त्यांच्याच समितीने अहवाल देऊन मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या हजारो हिंदुस्थानी, आफ्रिकन आणि इजिप्शियन सैनिक-मजुरांच्या बाबतीत ते ब्रीद पाळलं गेलं नव्हतं. कमीत कमी १ लाख १६ हजार जणांची नावंच नोंदली गेली नाहीत, खरा आकडा साडेतीन लाखांपर्यंत असू शकतो. स्वतःहून हे छापून जाहीर करणं सोपं नसतं, त्याचं मी कौतुकच करतो. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या या भिंतीवर आपली नावं इतक्या बारकाईने आहेत त्याची किंमत हे वाचल्यावर जास्त कळते.

सर्व्हिसचा भाग. कमिशनच्या वेबसाईटवर नाव टाकून फुकट शोधता येतं, लॉगिन बिगिन काही नाही. आडनाव, रेजिमेंट, देश, वर्ष असं गाळता येतं. नोंद सापडली की त्यात कॉलम नंबर येतो, तो लिहून घ्या, क्रांजीला भिंतीवर नंबर आहेत, थेट त्यापाशी जाता येतं. हिंदुस्थानी नोंदींमध्ये बऱ्याचदा बापाचं नाव, कधी बायकोचं नाव, आणि मग गाव, तहसील, जिल्हा असा पूर्ण पत्ता असतो, सातबारा उताऱ्यासारखा. भिंतीवर जो नुसता एक शब्द असतो त्याला इथे घर मिळतं. स्पेलिंगची मात्र भयंकर गंमत आहे, इंग्रज कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे एकाच नावाची चार-पाच स्पेलिंगं टाकून बघा. ज्यांच्या घरात "आजोबांचे भाऊ लढाईला गेले ते आलेच नाहीत" असं नुसतं सांगितलं जातं त्यांनी आज रात्रीच बसून शोधा, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडच्या लोकांनी तर नक्कीच, कारण तिथून घराघरातून माणूस गेलेला आहे. सापडलेलं नाव क्रांजीचंच असेल असं नाही, इटली, इजिप्त, बर्मा, इराक कुठलंही निघेल, पण ठिकाण कळेल.

मेंटेनन्सला दहा पैकी दहा. सिंगापूरच्या पावसात दगड काळे पडायला वेळ लागत नाही, शेवाळ धरतं, तरी दगड पांढरे असतात. हिरवळ कापलेली, अक्षरं खोल आणि स्वच्छ. माळीकाम करणारे कामगार कडक उन्हात एकेक दगडाच्या बुंध्याशी बसून हाताने गवत काढताना मी बघितलेत, त्यांना नमस्कार करून या.

जायचं कसं: नॉर्थ साऊथ लाईनवर क्रांजी स्टेशन, तिथून वुडलँड्स रोडने चालत दहा मिनिटांच्या आसपास. समोरच्या बाजूचा रेसकोर्स २०२४ मध्ये बंद झाला, त्यामुळे आजूबाजूला आता शांतच असतं. सकाळी लवकर जा. अकरानंतर उताराला सावली नाही, वरच्या भिंतींच्या मध्येच काय ती सावली. पाणी, टोपी, छत्री बरोबर हवीच, आणि आवारात खाण्यापिण्याचं दुकान नाही म्हणून खाणं आणि बाथरूम दोन्ही स्टेशनलाच उरकून घ्या. म्हाताऱ्या माणसांना उतार हळूहळू चढवा, घाई नको. पोरांना न्यावं का असं एका ताईंनी विचारलं होतं, तर न्या, आठ-दहा वर्षांच्या पुढची असतील तर जरूर न्या, दगडांवरून पळू नका एवढं आधी सांगा आणि वयं वाचायला लावा.

बाजूलाच १९७५ मध्ये केलेली मिलिटरी सिमेट्री आहे, पासिर पंजांग आणि उलू पांडानच्या जुन्या कबरी शहर वाढलं म्हणून हलवून इथे आणल्या, चौदाशेच्या आसपास, सैनिकांच्या बायका आणि तान्ह्या मुलांच्यासुद्धा. तिथे फार वेळ नाही काढला तरी चालेल. सिंगापूरचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष युसुफ इशाक आणि बेंजामिन शीअर्स यांच्या समाध्याही याच टेकडीला लागून आहेत. युसुफ इशाक म्हणजे तुमच्या खिशातल्या सिंगापूरच्या नोटेवरचा चेहरा, मुलांना नोट काढून दाखवा.

दिवस जुळवता आला तर २५ एप्रिलला अँझॅक डेची, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या स्मरणाची, पहाटेची प्रार्थना असते किंवा नोव्हेंबरमधल्या रिमेम्ब्रन्स संडेला सकाळचा कार्यक्रम असतो, बिगुल वाजतं, वेगवेगळ्या देशांचे लोक पुष्पचक्र ठेवतात. मराठी मंडळींनी एकदा ठरवून यावं अशी माझी फार इच्छा आहे, गणपती-दिवाळीला शेकड्याने जमतो तसं दहा-वीस जण इथे जमलो तरी खूप.

आणि ज्यांचं सिंगापूरला येणं होणार नाही त्यांनी पुण्यात खडकीला जा, होळकर पुलाजवळ मुळा रोडवरची वॉर सिमेट्री. याच कमिशनची आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत, पहिल्या महायुद्धातल्या अठराशेच्या वर जणांची नावं आहेत, आणि त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून तिथे आणून पुरलेत. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांचं स्मारकही तिथे आहे, आपल्या भूमीवर नाहीतर आपल्या समुद्रात गेलेले आणि कबर नसलेले. त्यांच्या गावाहून तिथे कुणी येत असेल असं वाटत नाही. पुणेकरांनो, एखाद्या रविवारी सकाळी जा, गेटवरच्या वहीत नाव लिहा आणि त्या आफ्रिकन पॅनेलसमोर पाच मिनिटं उभे राहून निदान पहिली दहा नावं वाचा.